दात येणारे बाळ आणि दुधाची बाटली

सकाळी साडेसातच्या सुमारास कळवा स्थानकाच्या पुलावर घटकाभर उभे राहावे. डब्याची पिशवी सावरत धिम्या लोकलकडे धावणाऱ्या आया-बहिणींची रीघ लागलेली दिसते. कोणी मुलुंड-भांडुपच्या कंपनीत, कोणी इस्पितळात, कोणी सरकारी कचेरीत, तर कोणी चार घरची धुणीभांडी करायला निघालेली असते. त्यांच्यापैकी कितीतरी जणींनी सहा-सात महिन्यांचे तान्हे बाळ घरी आजीच्या किंवा शेजारणीच्या हवाली केलेले असते. गाडीत जागा मिळो न मिळो, मन मात्र घरातच अडकलेले असते. बाळ दूध प्याले असेल काय?

प्रस्तुत लेख या एका प्रश्नासाठी आहे. बाळाला दात येऊ लागले आणि ते दुधाची बाटली तोंडाला लावू देईना, तर घरच्यांनी काय करावे, काय करू नये आणि कोणत्या वेळी थेट डॉक्टर गाठावा, एवढेच येथे मांडायचे आहे. विषय तसा घरगुती. स्मरणिकेत अशा विषयाला जागा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या वस्तीत आई कामावर आणि बाळ आजीपाशी, असे घर दर चाळीत आणि दर मजल्यावर सापडते. लहान भावंडांना सांभाळून अभ्यास करणारे आमचे विद्यार्थी मित्रही कमी नाहीत. म्हणून ही माहिती सर्वांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेच्या काउंटरवर बसणारे कारकून आहोत. पण आमच्या घरात जे घडले त्याने हा विषय शिकणे आम्हांस भाग पडले. ते आधी सांगतो.

आमच्या घरातील अनुभव

आमच्या धाकट्या भावाची मुलगी तेव्हा सात महिन्यांची होती. भावजय एका खाजगी कंपनीत नोकरीला. बाळंतपणाची रजा संपली आणि ती कामावर जाऊ लागली. सकाळी आणि रात्री अंगावरचे दूध, दिवसा पावडरच्या दुधाची बाटली, असा क्रम ठरला. दिवसा छकुली आमच्या आईपाशी असे. पंधरा-वीस दिवस सर्व सुरळीत चालले.

मे महिन्याचा उकाडा होता. एके दिवशी छकुलीने बाटली तोंडात घेतली, दोन घोट ओढले आणि किंचाळून मान फिरवली. पुन्हा दिली, पुन्हा तेच. लाळेरे भिजून चिंब झाले होते आणि हाताची मूठ सारखी तोंडात होती. आईने बोट फिरवून पाहिले, तर खालची हिरडी टणक लागली. "दात येतोय गं बाई माझ्या छकुलीला," आई म्हणाली. तिचे निदान अगदी बरोबर होते.

चूक पुढे झाली. दूध महाग, टाकायचे कसे? दहा वाजता नाकारलेली बाटली आईने झाकून ठेवली. तीच बाराला दिली, तीच दोनला दिली. दुसऱ्या दिवशी छकुलीला पातळ जुलाब सुरू झाले. आई म्हणाली, "दात येताना पोट सुटतंच. तुम्ही चौघं असेच वाढलात." आम्हाला शंका आली होती. पण ज्या माऊलीने चार मुले वाढवली तिला शिकवणारे आम्ही कोण, असे वाटून आम्ही गप्प राहिलो आणि बँकेत निघून गेलो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भावजय घरी आली. तिने मुलीला उचलले आणि विचारले, "आई, हिने दुपारपासून लंगोट ओला केला नाही का?" कोणालाच सांगता येईना. छकुलीचे डोळे खोल गेले होते आणि ती रडतही नव्हती. तशीच रिक्षा करून तिला इस्पितळात नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच केला, शेवटची लघवी कधी झाली? नंतर चमच्याचमच्याने ओआरएसचे पाणी सुरू केले. ती रात्र आम्ही कशी काढली ते आमचे आम्हाला ठाऊक. पहाटे छकुलीने लंगोट ओला केला, तेव्हा भावजयीच्या डोळ्यांना पाणी आले.

डॉक्टरांनी आमच्या आईला जवळ बसवून शांतपणे समजावले, "आजी, दात आला म्हणून जुलाब झाले नाहीत. दात आला म्हणून बाळाने दूध नाकारले. ते नाकारलेले दूध उन्हाळ्यात तासन्‌तास राहिले. जुलाब त्या दुधाने झाले असावेत." या तीन वाक्यांत आमच्या लेखाचे सार आले आहे. आता एकेक गोष्ट सविस्तर पाहू.

दात येतात म्हणजे काय होते?

बाळ जन्मते तेव्हाच त्याचे दुधाचे दात हिरड्यांच्या आत तयार होत असतात. साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास पहिला दात बाहेर पडतो. कोणाला चौथ्या महिन्यात, तर कोणाला वर्ष भरता भरता. यात घाबरण्यासारखे काही नाही. बहुधा खालचे मधले दोन दात प्रथम येतात, मग वरचे मधले. अडीच ते तीन वर्षांपर्यंत एकूण २० दुधाचे दात येतात.

दात हिरडीतून वर सरकताना ती जागा सुजते, ठणकते. बाळाची लाळ गळते, ते चिडचिड करते, हाताला लागेल ते चावते, झोपेतून उठते. अंग किंचित कोमट लागू शकते. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील डॉक्टरांनी १२५ बाळांच्या रोजच्या नोंदी ठेवून २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दात दिसण्याच्या आधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन दिवस, असा मिळून आठ दिवसांचा त्रास त्यांना आढळला. जोराचा ताप किंवा जुलाब यांचा संबंध मात्र दातांशी जुळला नाही.

मग दाताच्या वेळीच बाळे आजारी का पडतात? याचे उत्तर सोपे आहे. सहाव्या महिन्यानंतर आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरू लागते. याच वयात बाळ सरपटू लागते आणि जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालते. याच वयात वरचे दूध आणि वरचे अन्न सुरू होते. रोगजंतूंना वाट मिळते आणि आळ मात्र दातावर येतो. हा गैरसमज केवळ आपल्याकडचा नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सरकारी मृत्युनोंदीत हजारो बालकांच्या मृत्यूचे कारण 'दात येणे' असे लिहिले जात असे. ती बालके दुसऱ्याच रोगांनी दगावत होती.

बाटली का नाकारली जाते?

चोखण्यासाठी बाळाला निपल हिरड्यांमध्ये दाबून धरावे लागते. सुजलेल्या हिरडीवर दाब पडला की कळ येते. बाळाला भूक असते म्हणून ते बाटलीकडे झेपावते, आणि दुखते म्हणून लगेच सोडते. पाहणाऱ्याला तो हट्ट वाटतो. आपल्यालाही दाढ दुखत असताना कोणी भाकरी पुढे केली, तर आपण काय करू?

तथापि प्रत्येक वेळी कारण दातच असेल असे नाही. पुढील गोष्टी तपासून पाहाव्यात.

(१) तोंडात किंवा जिभेवर पांढरे चट्टे आहेत काय? ओल्या फडक्याने ते निघत नसतील तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. तोंडात फोडही आलेले असू शकतात.

(२) बाळ एकसारखे कान ओढते, आडवे केले की जास्त रडते काय? कान दुखत असेल.

(३) नाक चोंदले आहे काय? नाक बंद असेल तर चोखता चोखता श्वास घेता येत नाही.

(४) निपलचे छिद्र फार बारीक किंवा फार मोठे आहे काय? दूध फार गरम आहे काय? पावडरीचा डबा बदलला आहे काय?

(५) दूध पाजणारे माणूस बदलले आहे काय? आई कामावर जाऊ लागली की काही बाळे नव्या हातून आठवडाभर नीट पीत नाहीत.

(६) पूर्वी जबरदस्तीने पाजले गेले आहे काय? एकदा धसका घेतलेले बाळ बाटली नुसती दिसली तरी रडते.

त्रास कमी करण्याचे साधे उपाय

दूध देण्याच्या दहा मिनिटे आधी हिरडीचा ठणका कमी केला, तर पुष्कळदा काम होते.

(१) स्वच्छ मऊ फडके उकळलेल्या गार पाण्यात भिजवून, पिळून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावे आणि बाळाला चावायला द्यावे. बर्फासारखे घट्ट गोठवू नये. फ्रिज नसेल तर माठातल्या पाण्याच्या गारव्यात बंद डबीतून ठेवले तरी चालते.

(२) साबणाने हात धुऊन, नखे कापलेल्या बोटाने हिरडी एक-दोन मिनिटे हलकेच चोळावी.

(३) स्टीलचा गुळगुळीत चमचा गार करून त्याची पाठ हिरडीला टेकवावी.

(४) दात येताना चावण्याची रबरी कडी घ्यायची असल्यास ती अखंड आणि भरीव असावी. आत पाणी भरलेली कडी फुटू शकते.

(५) लाळेने हनुवटी आणि मान ओली राहून पुरळ येते. ती टिपून कोरडी ठेवावी, लाळेरे बदलत राहावे.

(६) त्रास फारच असेल तर पॅरासिटामॉल देता येते. पण मात्रा बाळाच्या वजनावर ठरते, म्हणून ती डॉक्टरांनीच सांगावी. ॲस्पिरिन बाळाला कदापि देऊ नये.

यानंतर बाळाला कुशीत घेऊन, शांत जागी, कोमटापेक्षा थोडे गार दूध देऊन पाहावे. बाळाने तोंड फिरवले की थांबावे. अर्ध्या तासाने नवे दूध घेऊन पुन्हा पाहावे. नाक दाबून, गाल आवळून किंवा रडताना तोंडात दूध ओतून पाजू नये. दूध श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

बाटली नको असेल तर वाटी-चमचा

आम्हाला सर्वांत उशिरा कळलेली गोष्ट ही की, बाळाने बाटली नाकारली म्हणून दूध नाकारले असे होत नाही. बाटलीवाचून बाळ सहज वाढते. आपल्या जुन्या घरांतून चोच असलेले लहान भांडे, म्हणजे बोंडले, असायचे ते याचसाठी. आजही नवजात बाळांच्या कक्षांत, ज्यांना चोखण्याचे बळ नाही अशा अशक्त बाळांना आईचे दूध काढून वाटीने पाजतात. मुंबईला शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. ज्या बाळाला आईचे दूध मिळू शकत नाही त्याला दुसऱ्या मातेने दिलेले दूध मिळावे, ही तिच्यामागची कल्पना. दूध महत्त्वाचे, ते कशातून दिले हे नंतरचे.

पद्धत अशी. बाळाला मांडीवर जवळजवळ सरळ बसवावे. वाटीत थोडे दूध घेऊन तिची कड खालच्या ओठाला टेकवावी आणि वाटी इतकीच कलती करावी की दूध ओठाला लागेल. बाळ जिभेने किंवा ओठाने स्वतः दूध घेते. आपण ओतायचे नाही. चमच्यानेही असेच, एक घोट गिळला की दुसरा. पहिले दोन-तीन दिवस निम्मे दूध लाळेऱ्यावर सांडेल. नंतर हात बसतो. वाटी-चमच्याने हिरडीवर दाब पडत नाही, हा दात येतानाचा मोठा फायदा. शिवाय वाटी आतून-बाहेरून दिसते आणि साबणाने सहज धुता येते. बाटलीच्या गळ्यात आणि निपलच्या टोकात साय चिकटून राहते, ती दिसत नाही.

स्वच्छतेचे नियम पाठच करून ठेवावेत.

(अ) आईने काढून ठेवलेले दूध स्वच्छ झाकणाच्या भांड्यात खोलीत चार तास आणि फ्रिजमध्ये चोवीस तासांपर्यंत वापरावे. ते उकळू नये. गरम पाण्यात भांडे ठेवून कोमट करावे.

(आ) पावडरचे दूध दर वेळी ताजे करावे. केल्यापासून दोन तासांच्या आत वापरावे. पावडर पुरवून पुरवून वापरण्यासाठी त्यात जास्त पाणी घालू नये. बाळाचे पोट भरल्यासारखे दिसते, पण पोषण होत नाही.

(इ) बाळाने तोंड लावलेले दूध तासाभरानंतर टाकून द्यावे. मग ते कितीही उरलेले असो.

ही शेवटची सूचना आमच्या घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून लावली आहे. बाळ दूध नाकारू लागले असेल तर थोडेथोडेच करावे, म्हणजे टाकताना जीव तुटत नाही.

सहा महिन्यांपर्यंत शक्य तोवर केवळ आईचे दूध द्यावे. सहा महिने पूर्ण झाले की वरचे अन्न सुरू करावे आणि आईचे दूध दोन वर्षे वा त्यापुढेही चालू ठेवावे. म्हणून दात येणाऱ्या सात महिन्यांच्या बाळाने दिवसा बाटली घेतलीच नाही, तरी कुस्करलेले केळे, मऊ वरण-भात, नाचणीची खीर, उकडलेला बटाटा यांतून त्याच्या पोटात बरेच जाते. गारसर केळे आणि दही तर हिरडीला सुखावते. डाळीच्या नुसत्या पाण्यावर भागवू नये, डाळही घोटून द्यावी. गायी-म्हशीचे दूध मुख्य आहार म्हणून वर्षाच्या आत देऊ नये. रात्री आणि पहाटे आई घरी असते तेव्हा बाळ जास्त वेळा अंगावर पिऊन दिवसाची कसर भरून काढते. कामावरून थकून आलेल्या आईची झोप मोडते हे खरे. म्हणून त्या दिवसांत पहाटेचा डबा दुसऱ्या कोणी करावा. तो कोणी, हे पुरुषमंडळींनी ओळखावे.

गिरणगावातील बाळगोळीचा धडा

रडणारे बाळ गप्प करण्याचे उपाय आपल्या समाजात नवे नाहीत. मुंबईच्या कापड गिरण्यांत हजारो बायका काम करीत. आठ-दहा तास पाळीवर गेल्यावर मागे राहिलेले बाळ रडू नये म्हणून त्याला अफूची गोळी दिली जाई. तिला बाळगोळी म्हणत. डॉ. बार्न्स नावाच्या स्त्री-डॉक्टरांनी मुंबई सरकारसाठी पाहणी केली. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात गिरणी कामगार स्त्रियांच्या शेकडा ९८ बाळांना अफू दिली जात असल्याचे नमूद आहे. त्या माता निर्दय नव्हत्या. पाळी चुकली तर मजुरी जाई आणि बाळाजवळ बसायला कोणी नसे. अफू घेतलेले बाळ झोपून राही, भूक लागली तरी रडत नसे आणि हळूहळू खंगत जाई.

आज बाळगोळी राहिली नाही, पण बाळाला गप्प करण्याची घाई गेलेली नाही. म्हणून पुढील गोष्टी टाळाव्यात.

(१) हिरडीला लावायचे बधिर करणारे मलम. बेंझोकेन असलेल्या मलमांमुळे लहान बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होऊ शकते. २०१८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दोन वर्षांखालील मुलांना ती देऊ नयेत असे बजावले.

(२) मध. एक वर्षाच्या आतील बाळाला बोटभरही मध चाटवू नये. त्यातील काही जंतूंची बाधा लहान आतड्यांना झेपत नाही. निपलला मध किंवा साखर लावून बाळाला फसवण्याची युक्तीही नको.

(३) खारीक, कच्चे गाजर, टोस्ट चघळायला देणे. नवा दात तुकडा तोडतो, पण दाढा नसल्याने तो चावता येत नाही. घशात अडकण्याची भीती असते.

(४) गळ्यात दोरा, ताईत, मण्यांची माळ. गळफास बसू शकतो, मणी गिळला जाऊ शकतो. दृष्ट काढण्यात गेलेला तास आजारी बाळाला महागात पडतो.

(५) झोपेचे किंवा सर्दीचे औषध स्वतःच्या मनाने देणे.

बाटली आणि पावडर यांच्या जाहिरातींबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९९२ साली आपल्या देशात शिशुदुग्धपर्याय, दुधाच्या बाटल्या आणि शिशुआहार यांविषयी कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९९३ पासून तो लागू झाला. त्याने या वस्तूंच्या जाहिरातीवर बंदी घातली. त्याच सुमारास, ३ डिसेंबर १९९१ रोजी, आपल्या महाराष्ट्रात वर्धा येथे स्तनपानाचा प्रसार करणारे राष्ट्रीय जाळे स्थापन झाले. दुकानदार सांगतो म्हणून डबा बदलू नये, डॉक्टरांना विचारावे.

हे दातामुळे नाही, हे ओळखा

पुढील लक्षणांपैकी एक जरी दिसले, तरी 'दात येतायत' म्हणून थांबू नये.

(१) ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला. तीन महिन्यांच्या आतील बाळाला एवढा ताप आला तर ताबडतोब डॉक्टर गाठावा.

(२) पाण्यासारखे जुलाब, शौचात रक्त, किंवा पोटात काहीच न ठरणारी उलटी.

(३) सहा तास लघवी नाही. नीट पिणारे बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी करते. पाजलेले दूध मोजण्यापेक्षा ओले लंगोट मोजणे अधिक खात्रीचे.

(४) डोळे खोल गेले, टाळू खाली बसली, तोंड कोरडे पडले, रडताना डोळ्यांत पाणी नाही.

(५) बाळ मलूल झाले, काहीच प्यायला घेत नाही, श्वास भरभर चालतो, किंवा झटके आले.

जुलाब होताच अंगावरचे दूध चालू ठेवावे आणि ओआरएस सुरू करावे. एक मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण मिसळावे. निम्मे पाकीट, निम्मे पाणी असा अंदाज करू नये. दोन वर्षांखालील बाळाला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने द्यावे. उरलेले चोवीस तासांनी टाकावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने जस्ताच्या गोळ्या १४ दिवस पूर्ण द्याव्यात, जुलाब थांबले तरी. या साध्या पाण्याची ताकद मोठी आहे. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, कॉलऱ्याची साथ आली आणि शिरेतून देण्याचे सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे असेच पाणी ड्रमातून पाजून असंख्य प्राण वाचवले.

कळव्यातच ठाणे महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. रात्री-अपरात्री १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. हे क्रमांक आणि पत्ते बाळ सांभाळणाऱ्या आजीला तोंडपाठ असावेत.

आईची रजा आणि बाळाचा दात

आता थोडे कायद्याविषयी, कारण बाटलीचा प्रश्न आईच्या नोकरीशी जोडलेला आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये तो कायदा झाला. पुढे मजूरमंत्री असताना १९४३ साली त्यांनी खाणीतील स्त्री-कामगारांच्या प्रसूती लाभ कायद्याची दुरुस्ती मांडली. स्वतंत्र भारतात १९६१ साली देशव्यापी कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवडे झाली, आणि ५० वा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर व दिवसातून चार वेळा बाळाला भेटण्याची मुभा आली. याच तरतुदी पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतल्या गेल्या.

हिशोब करून पाहावा. २६ आठवडे म्हणजे सहा महिने, आणि त्यांतले काही आठवडे प्रसूतीपूर्वीच संपलेले असतात. रजा संपते, पहिला दात येतो आणि वरचे अन्न सुरू होते, या तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात बाळाच्या वाट्याला येतात. म्हणून ज्या घरात आईला कामावर परतायचे आहे, तेथे रजा संपण्याच्या तीन-चार आठवडे आधीपासून, बाळ आनंदात असताना, आजीच्या किंवा बाबांच्या हाताने वाटीतून आईचे दूध देण्याची सवय लावावी. दात दुखू लागल्यावर नवी सवय लावणे कठीण जाते. चार घरी काम करणाऱ्या बहिणीला तर रजाही नाही आणि पाळणाघरही नाही. आपल्या संस्थेच्या सभागृहात दिवसाचे काही तास पाळणाघर चालवता येईल काय, याचा विचार सभासदांनी अवश्य करावा.

वेळेवर बोलावे

मज्झिम निकायात अभयराजकुमार सुत्त आहे. राजकुमार अभयाच्या मांडीवर एक तान्हे मूल होते. भगवान बुद्धांनी त्याला विचारले, या मुलाने निष्काळजीपणामुळे काडी किंवा खडा तोंडात घातला, तर तू काय करशील? अभय म्हणाला, मी तो बोटाने बाहेर काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला त्या मुलाची करुणा आहे. ऐकणाऱ्याला न आवडणारे पण खरे आणि हिताचे बोलणे बुद्ध योग्य वेळी बोलतात ते याच करुणेपोटी, असा त्या संवादाचा आशय आहे.

आमच्या घरात ते बोलणे आम्ही बोललो नाही. आईचा मान राखला असे आम्हाला वाटले. पण आईच नंतर म्हणाली, "मला सांगायचं ना रे, मी काय ऐकलं नसतं?" आज छकुली पावसाळ्यातल्या डबक्यांतून उड्या मारते, आणि शेजारच्या कोणत्याही घरी बाळ दूध पीत नाही असे कळले की आमची आईच पहिल्यांदा विचारते, "लंगोट किती ओले झाले गं?"

बंधू-भगिनींनो, दात येणे हा रोग नाही आणि बाटली नाकारणे हा हट्ट नाही. बाळाला वेळ द्यावा, वाटी-चमचा हाताशी ठेवावा, नाकारलेले दूध टाकून द्यावे आणि ओले लंगोट मोजावेत. विद्यार्थी मित्रांनी हा लेख आपल्या घरच्या आजीला एकदा मोठ्याने वाचून दाखवावा, एवढी विनंती करून आम्ही रजा घेतो.